दुसरा कोस कोणाचा?

आज इतिहासात शिरायचं ते एका शब्दाचं बोट धरून. शब्द आहे 'वेठ'.

संप झाला की मराठी वर्तमानपत्रात हमखास मथळा येतो, प्रवाशांना वेठीस धरलं. आपण इथं परदेशात बसून तो वाचतो आणि पुढं सरकतो. पण चार पिढ्यांपूर्वीच्या खेड्यातल्या माणसाला हा शब्द नुसता वाचायचा नव्हता. सरकारी माणूस गावात यायचा, बोट दाखवायचा, आणि हातातलं काम टाकून त्याचं ओझं पुढच्या मुक्कामापर्यंत न्यावं लागायचं. मजुरी मागायची सोय नाही, नकार द्यायची तर नाहीच. शब्दही जुना, संस्कृत 'विष्टि'वरून आलेला. विदर्भातल्या वाकाटक राजांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या गोष्टींतून मोकळीक मिळाली याची यादी असते, त्यात विष्टीतून मोकळीक आवर्जून लिहिलेली सापडते. दीड हजार वर्षांपूर्वीसुद्धा वेठीतून सुटणं ही तांब्यावर कोरून ठेवण्याइतकी मोठी गोष्ट होती.

हाच शब्द मराठी बायबलमध्ये आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बायबल नसेल. अहमदनगर, जालना किंवा वसईकडून आलेल्या काही घरांत ते रोज वाचलं जात असेल, आणि त्यातला हिब्रू भाग आपल्या बेने इस्राएल श्रोत्यांचाही धर्मग्रंथ आहेच. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: कोणी तुला वेठीला धरून एक कोस चालवलं, तर तू त्याच्याबरोबर दोन कोस जा. मूळ ग्रीकमध्ये 'मैल' आहे, मराठी भाषांतरकारांनी त्याचा कोस केला. आणि जिथं इंग्रजीत नुसतं 'भाग पाडलं' अशा अर्थाचं क्रियापद येतं, तिथं मराठीत थेट 'वेठ' आली. माझ्या मते ही जागा मराठीत इंग्रजीपेक्षा जास्त अचूक उतरली आहे, कारण मूळ शब्दही तसाच सरकारी आणि तसाच नकोसा होता.

तो मूळ शब्द मुळात ग्रीक नाहीच. इराणच्या सम्राटांची घोडेस्वारांची टपाल व्यवस्था होती, ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनं तिचं वर्णन केलं आहे. त्या व्यवस्थेच्या नावावरून 'अंगारिया' हा शब्द ग्रीकमध्ये रुळला आणि पुढं रोमी राजवटीत त्याचा अर्थ झाला सरकारी कामासाठी रयतेची जनावरं, गाड्या आणि माणसं धरून नेणं. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य भागात सागालासोस नावाचं शहर होतं. तिथल्या रोमी सुभेदाराचा, लॅटिन आणि ग्रीक अशा दोन भाषांत कोरलेला एक हुकूम सापडला आणि १९७६ साली तो प्रसिद्ध झाला. हुकूम सम्राट तिबेरियसच्या सुरुवातीच्या काळातला, म्हणजे येशू तरुण असतानाचा. शहरानं सरकारी प्रवाशांसाठी १० गाड्या आणि तितकीच खेचरं तयार ठेवायची, त्यांचं भाडं ठरलेल्या दरानं मिळेल, कोणत्या हुद्द्याच्या माणसाला किती वाहनं मिळतील, आणि स्वतःच्या नफ्यासाठी धान्य किंवा माल वाहणाऱ्याला काहीही मिळणार नाही, असं सगळं त्यात नोंदलेलं आहे. सरकारी कागद वाचायची एक युक्ती असते. ज्या गोष्टीवर बंदी घातलेली दिसते, ती गोष्ट सर्रास चालू होती असं समजावं. इसवी सन १९ मध्ये इजिप्तला गेलेल्या जर्मानिकस या रोमी राजपुत्रालाही असाच हुकूम काढावा लागला होता, की माझ्या नावानं कोणी परस्पर लोकांची जनावरं आणि नावा धरू नयेत.

प्रवचनांतून नेहमी एक गोष्ट ऐकायला मिळते. रोमी सैनिकाला एकच मैल ओझं वाहून घ्यायची परवानगी होती, म्हणून दुसरा मैल चालणारा माणूस त्या सैनिकालाच अडचणीत आणत असे. गोष्ट चटपटीत आहे, पण असा एक मैलाचा कायदा ना रोमी कायद्यांच्या संग्रहात मिळतो, ना शिलालेखात. आणि त्या वाक्याला असल्या क्लृप्तीची गरजही नाही. ते ऐकणारी माणसं गालिलातली कोळी आणि शेतकरी. पहिल्या कोसाबाबत त्यांच्या हातात काहीच नव्हतं. पण दुसरा कोस चालायचा की नाही, हे सैनिकाला ठरवता येत नव्हतं.

त्याच गोष्टीच्या शेवटी वेठ पुन्हा येते. येशूला क्रूसावर देण्यासाठी नेत असताना शेताकडून परतणारा एक माणूस रस्त्यात दिसतो, त्याला सैनिक धरतात आणि क्रूस वाहायला लावतात. मूळ ग्रीकमध्ये तेच क्रियापद आहे, मराठीतही तीच वेठ. माणूस म्हणजे कुरेनेचा शिमोन. कुरेने आजच्या लिबियात येतं. चित्रांमध्ये शिमोनाच्या चेहऱ्यावर भक्ती दाखवतात, तो जणू पुढं सरसावून खांदा देतो आहे. मजकुरात तसं काहीही नाही. तो वाटेनं चालला होता आणि सापडला, इतकंच. मात्र मार्क एक तपशील सांगतो, हा शिमोन आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप. त्या मुलांबद्दल पुढं एक अक्षरही नाही. म्हणजे मार्कच्या पहिल्या श्रोत्यांना ही मुलं माहीत होती, आपण 'अमक्याचे वडील' म्हणतो तशी.

आता सेवेबद्दल या ग्रंथांत काय आहे ते पाहू या, कारण वेठ आणि सेवा यांचं भांडण येशूच्याही कितीतरी आधीचं आहे. शलमोन राजानं यरुशलेमेत देवाचं मंदिर बांधलं. मंदिराच्या वैभवाची वर्णनं पानोपान आहेत, पण राजांच्या पहिल्या ग्रंथात त्याचा हिशेबही दिला आहे. शलमोनानं इस्राएलातून ३०,००० माणसं वेठीला लावली. दर महिन्याला १०,००० जण लबानोनात लाकूड तोडायला जायचे, एक महिना तिथं आणि दोन महिने घरी. शिवाय ७०,००० ओझेकरी आणि ८०,००० पाथरवट. वेठीवरच्या मुख्य अधिकाऱ्याचं नावही नोंदलेलं आहे. शलमोन वारल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे गेले आणि म्हणाले, जू हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. म्हाताऱ्या सल्लागारांनी त्याला सुचवलं की आज तू या लोकांचा सेवक हो, मग ते कायमचे तुझे राहतील. बरोबरीच्या पोरांनी उलटं सांगितलं आणि रहबामानं पोरांचं ऐकलं. पुढं त्यानं लोकांकडे कोणाला पाठवावं? वेठीवरच्या त्याच अधिकाऱ्याला. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं आणि राज्य दुभंगलं. इसवी सनापूर्वी सुमारे ९३० ची ही घटना. देवाच्या नावानं घेतलेली वेठ ही वेठच राहते, हे बायबलच्या इतिहासकारानं इतकं उघड लिहिलं आहे.

याच्या अगदी उलट चित्र निर्गम ग्रंथात आहे, पळून आलेल्या गुलामांच्या छावणीतलं. अरण्यात निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू उभारायचा आहे आणि मोशे सांगतो, ज्याच्या मनात येईल त्यानं आणावं. सोनं, सूत, कातडी, लाकूड येऊ लागतं. इतकं येतं की कारागीर कंटाळून मोशेकडे जातात, पुरे झालं, लोक थांबतच नाहीत. मोशेला छावणीत दवंडी पिटावी लागते की आता काही आणू नका. देणगीदारांना थांबवणारी सूचना! आपल्यापैकी ज्यांनी कधी मंडळासाठी वर्गणी गोळा केली आहे, त्यांना हा चमत्कार समुद्र दुभंगण्यापेक्षा मोठा वाटेल. या आपखुशीच्या देण्याला हिब्रूत 'नेदावा' म्हणतात.

पण एवढ्यावरच थांबलं तर अर्धंच चित्र दिसेल. त्याच तंबूसाठी सक्तीची पट्टीही होती. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषानं अर्धा शेकेल चांदी द्यायची. श्रीमंतानं जास्त द्यायची नाही, गरिबानं कमी द्यायची नाही. हिशेब दिला आहे, ६,०३,५५० माणसं. त्या चांदीचं काय झालं? मंडपाच्या उभ्या फळ्या आणि खांब ज्यांच्यात रोवले, त्या १०० बैठका तिच्यातून ओतल्या. सोनं, जांभळं कापड, रत्नं हे सगळं खुशीचं, आणि पायाखालची चांदी सक्तीची. मला या व्यवस्थेत मोठं शहाणपण दिसतं. सगळंच खुशीवर सोडलं असतं तर तंबू श्रीमंतांच्या देणगीवर उभा राहिला असता आणि तंबूत मान त्यांचाच झाला असता. सारखी पट्टी असल्यामुळे प्रत्येक जण म्हणू शकत होता, या बैठकांत माझीही चांदी आहे. सक्ती आणि वेठ एकच नव्हे. सक्ती सगळ्यांवर सारखी असू शकते. वेठ मात्र नेहमी काही ठरावीक लोकांवरच पडते.

याचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. मुंबई इलाख्यातल्या महार वतनाची आठवण करा. नाव वतन, म्हणजे हक्क. काम काय, तर सरकारी निरोप पोचवणं, अधिकाऱ्यांचं सामान वाहणं, रात्री-अपरात्री हाक आली की धावणं, आणि घरातला पुरुष हजर नसला तर घरातल्या दुसऱ्यानं जाणं. त्याबदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावाकडून मिळालं तर बलुतं. १८७४ च्या वतन कायद्यानं या व्यवस्थेला सरकारी चौकट दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते या वेठीच्या मुळावर घाव घालण्यासाठीच. ते तेव्हा पार पडलं नाही. पुढं भारतीय घटनेच्या २३ व्या कलमानं सक्तीची मजुरी बंद केली, आणि त्या कलमाच्या इंग्रजी मजकुरातही 'बेगार' हा आपला शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. महार वतन प्रत्यक्ष रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. तेव्हा मराठी बायबल हातात घेऊन वेठीचा तो कोस वाचणाऱ्या कित्येकांनी, किंवा त्यांच्या वाडवडिलांनी, तो कोस स्वतः चाललेला होता.

इथं मराठी भाषांतरकारांबद्दल दोन शब्द. मराठीतला पहिला छापील नवा करार १८११ साली बंगालमधल्या सेरामपूरला, विल्यम कॅरी यांच्या छापखान्यातून निघाला. पुढं शंभर वर्षांत अनेक हात त्या कामाला लागले. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून पूर्ण बायबल एकटीनं मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. पण मराठीत एक अडचण राहिलीच. ग्रीकमधला 'दूलोस' म्हणजे विकत घेतलेला माणूस, गुलाम. मराठीत त्याचा बहुधा 'दास' होतो. आता 'दास' म्हटलं की आपल्याला बाजारात विकलेला माणूस आठवतो का? आपल्याला रामदास आठवतात, दासबोध आठवतो. भक्तीनं हा शब्द इतका गोड करून ठेवला आहे की त्याच्यातली बेडी दिसेनाशी झाली.

ती बेडी दिसावी म्हणून निर्गमातला एक कायदा सांगतो. इस्राएली गुलामानं सहा वर्षं काम करायचं, सातव्या वर्षी तो मोकळा. पण तो म्हणाला की माझं धन्यावर, बायकोवर, मुलांवर प्रेम आहे, मला जायचं नाही, तर धन्यानं त्याला दाराच्या चौकटीशी नेऊन त्याचा कान टोचायचा आणि तो कायमचा सेवक. प्रेमानं पत्करलेल्या सेवेचं प्रतीक म्हणून या टोचलेल्या कानावर कितीतरी प्रवचनं झाली आहेत. त्याच्या आधीची ओळ मात्र प्रवचनात क्वचित येते. बायको धन्यानं करून दिलेली असेल तर बायको आणि मुलं धन्याची, गुलामानं एकट्यानं बाहेर पडायचं. म्हणजे मोकळा हो आणि पोरांना सोड, किंवा पोरांजवळ राहा आणि कान पुढं कर. याला खुशी म्हणायचं का? पाचव्या ग्रंथात, म्हणजे 'अनुवादा'त, हाच कायदा पुन्हा येतो तेव्हा बायको-मुलांची ती अट तिथं नाही. उलट मोकळ्या होणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवू नका, त्याला मेंढरं, धान्य, द्राक्षारस द्या, असं आहे. शिवाय त्याच ग्रंथात आणखी एक नियम आहे. धन्याकडून पळून तुमच्या आसऱ्याला आलेल्या गुलामाला परत देऊ नका, त्याला हवं तिथं राहू द्या. हा नियम लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता येऊ या एका चिमुकल्या पत्राकडे. नव्या करारातलं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र, जेमतेम २५ ओव्यांचं. लिहिणारा पौल, आणि तो तुरुंगात आहे. फिलेमोन हा त्याचा सधन मित्र, ज्याच्या घरात ख्रिस्ती मंडळी जमते. विषय आहे फिलेमोनाचा गुलाम अनेसिम. तो कसा कोण जाणे पौलापर्यंत पोचला आहे आणि ख्रिस्ती झाला आहे. परंपरा त्याला पळालेला गुलाम मानते, पत्रात 'पळाला' हा शब्द नाही. अनेसिम या नावाचा अर्थ 'उपयोगी', गुलामांना ठेवत तसलं नाव. पौल त्यावर कोटीही करतो, पूर्वी तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मला दोघांनाही उपयोगी आहे. त्याला पौल धन्याकडे परत पाठवतो, आणि सोबत हे पत्र.

पत्राची भाषा एखाद्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी आहे. मी तुला हुकूम करू शकलो असतो, पण करत नाही, प्रेमानं विनवतो. मी म्हातारा, त्यात बंदिवान. अनेसिमाला माझ्याजवळच ठेवून घ्यायचं मनात होतं, पण तुला विचारल्याशिवाय काही करायचं नव्हतं, कारण तुझ्या हातून जे चांगलं होईल ते भाग पडल्यासारखं नको, आपखुशीनं हवं. तो आता दासापेक्षा अधिक, भाऊ म्हणून तुला मिळतो आहे. त्यानं तुझं काही नुकसान केलं असेल तर माझ्या खात्यावर मांड, हे बघ, मी माझ्या हातानं लिहून देतो. तू स्वतःच माझा देणेकरी आहेस, हे काही मी बोलत नाही. तू ऐकशील याची खात्री आहे, सांगितलं त्याहून जास्तच करशील. आणि हो, माझ्यासाठी एक खोली तयार ठेव, मी येणार आहे.

श्रोतेहो, ही खुशी आपण सगळे ओळखतो. 'तुमच्यावर काही जबरदस्ती नाही हं, पण' असं म्हणत स्वयंसेवकांची यादी फिरते आणि पेन आपल्या हातात येतं. त्यात हे पत्र एकट्या फिलेमोनाला नाही, त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळीलाही उद्देशून आहे. ते वाचलं जाणार सगळ्यांसमोर. तरीही याला नुसतं दडपण म्हणून मी सोडून देणार नाही. रोमी कायदा पूर्णपणे फिलेमोनाच्या बाजूनं होता. गुलामाला तो फटके मारू शकत होता, डाग देऊ शकत होता, विकू शकत होता. पौलाच्या हातात ना कायदा, ना पैसा, तो स्वतःच बेड्यांत. ज्याच्या हाती सगळं आहे, त्याच्याकडे खुशी मागायची तर शब्दांशिवाय दुसरं काय होतं? आणि पौल शब्द पणाला लावताना नुकसानीची जबाबदारीही स्वतःकडे घेतो.

माझी खरी अडचण वेगळी आहे. या पत्रात फिलेमोनाची खुशी आहे, पौलाची इच्छा आहे. अनेसिमाला काय हवं होतं, त्याला परत जायचं होतं का, हे २५ ओव्यांत एकदाही येत नाही. पत्र बहुधा तोच घेऊन चालत गेला. स्वतःबद्दलचं पत्र हातात आणि समोर धन्याचं दार. त्याचा हा प्रवास पहिल्या कोसाचा की दुसऱ्या, ते आपल्याला त्याच्या तोंडून ऐकायला मिळत नाही.

पौल स्वतःच्या बाबतीत मात्र फार स्पष्ट आहे. करिंथकरांना लिहिताना तो म्हणतो की सुवार्ता सांगणं हे मी पत्करलेलं काम नाही, ते माझ्या अंगावर पडलेलं आहे, ते न करून मला सुटका नाही, मग त्यात फुशारकी कसली? तर त्याचा स्वतःचा असा भाग कुठला? तो मोबदला घेत नाही, एवढाच. मोबदला घ्यायचा हक्क आहे हे तो आधी सविस्तर सिद्ध करतो आणि मग तो हक्क सोडतो. पोटासाठी तंबू शिवायचं काम करतो. काम नेमून दिलेलं, पण फुकट करणं त्याचं. दुसऱ्या कोसाचंच हे गणित झालं. पेत्राच्या नावच्या पहिल्या पत्रातही हाच सूर आहे. कळप राखणाऱ्या वडिलांनी भाग पडतं म्हणून नव्हे तर मनापासून काम करावं, पैशाच्या लोभानं नव्हे, आणि धनीपणा गाजवू नये. देणगीबद्दल पौल लिहितो तेही तसंच, कुरकुरत किंवा बळजबरीनं नको. नीट पाहिलं तर या सगळ्या जागी खुशी मागितली आहे ती ज्याच्याकडे काही आहे त्याच्याकडे. म्हणजे देणगीदाराकडे, पुढाऱ्याकडे, गुलामाच्या मालकाकडे.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच नव्या करारात, कलस्सैकरांना आणि इफिसकरांना लिहिलेल्या पत्रांत, गुलामांनाही सांगितलं आहे की धन्याचं ऐका, वरवर नव्हे, मनापासून, जणू प्रभूचंच काम करता आहात. इथं खालच्या माणसाकडूनच खुशी मागितली आहे. त्याच ठिकाणी धन्यांनाही चार शब्द ऐकवले आहेत, हे खरं. पण इतिहासात कुठला अर्धा भाग जास्त वाचला गेला, ते आपण ज्या देशात राहतो त्या अमेरिकेनं पाहिलं आहे.

१८३० च्या दशकात जॉर्जिया राज्यातल्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचे प्रेस्बिटेरियन पाद्री गुलामांना धर्म शिकवत. ते स्वतः मळेवाले होते, गुलामांचे धनी. एकदा त्यांनी फिलेमोनाच्या पत्रावर प्रवचन दिलं आणि पळून जाणं कसं वाईट हे पौलाच्या आधारानं सांगितलं. पुढं काय झालं ते जोन्स यांनीच छापून ठेवलं आहे. निम्मे श्रोते उठून निघून गेले. जे थांबले त्यांच्यातले काही म्हणाले, असलं पत्र बायबलमध्ये नाहीच. काही म्हणाले, ही सुवार्ता नव्हे, तुम्ही मालकांना खूश करायला बोलता. गुलामांना वाचायला शिकवणं गुन्हा ठरवणाऱ्या राज्यातली ही माणसं. पत्र त्यांनी वाचलेलं नव्हतं, पण ते कोणाच्या बाजूनं वाचलं जातं आहे हे त्यांनी अचूक ओळखलं. उठून जाण्याची किंमत काय पडू शकते, हेही त्यांना ठाऊक होतं.

१८५० साली पळालेल्या गुलामांना परत करायला लावणारा कायदा अमेरिकेत झाला. त्याच वर्षी अँडोव्हरचे मोठे हिब्रू पंडित मोझेस स्टुअर्ट यांनी पुस्तिका लिहून दाखवलं की पौलानंही अनेसिमाला परत पाठवलंच होतं. आणि 'अनुवादा'तला तो नियम, आसऱ्याला आलेल्याला परत देऊ नका? तो फक्त परक्या देशातून पळून आलेल्यांसाठी, असं त्यांनी ठरवलं. एवढी विद्वत्ता आणि तिचा हा उपयोग! गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी उलट बोट ठेवलं ते 'दासापेक्षा अधिक, भाऊ' या शब्दांवर. पुस्तक एकच होतं, आणि भांडण शेवटी रणांगणावर गेलं.

या भांडणाचा निकाल एका म्हाताऱ्या बाईनं आपल्यापुरता लावला होता. हॉवर्ड थर्मन हे विसाव्या शतकातले मोठे कृष्णवर्णीय धर्मचिंतक. १९३६ साली ते भारतात आले असताना बार्डोलीला गांधीजींना भेटले होते. लहानपणी फ्लोरिडात ते आजीला बायबल वाचून दाखवत. आजीचा जन्म गुलामगिरीतला, तिला वाचता येत नव्हतं. स्तोत्रं चालत, यशया चाले, शुभवर्तमानं पुन्हा पुन्हा वाचावी लागत. पौलाची पत्रं मात्र ती वाचू देत नसे. मोठं झाल्यावर थर्मननी कारण विचारलं. ती म्हणाली की गुलामगिरीच्या काळात मालकाचा पाद्री आम्हाला प्रवचन द्यायचा, आणि दर वेळी पौलाचंच वचन काढायचा, दासांनो, धन्याची आज्ञा पाळा. तेव्हाच तिनं देवाला वचन दिलं होतं, मी कधी वाचायला शिकले आणि कधी मोकळी झाले, तर पुस्तकाचा तो भाग वाचणार नाही. १९४९ साली आलेल्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात थर्मननी हे लिहून ठेवलं आहे.

तिच्या या नियमाला एकच अपवाद होता. कधीमधी ती नातवाला करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय वाचायला सांगे. तो प्रेमावरचा आहे. आणि तो पौलाचाच आहे.